निखिलच्या गाडीचा पंप

नगरला हवा पालटायला कोणी जात नाही. आमच्या इचलकरंजीची माणसं शिर्डीला जातात, शिंगणापूरला जातात आणि वाटेत नगर लागलं तर चहा पिऊन पुढे सटकतात. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण मला भेटलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी नगरच होतं. भंडारदऱ्याचं धरणही याच जिल्ह्यात आहे, हे मला घरी परत आल्यावर शेजारणीने सांगितलं. "एवढं लांब गेलीस आणि ते बघितलं नाहीस?" असंही वर विचारलं. मी बघितली ती भंगाराची दुकानं, म्हशींचा बाजार आणि भिंगारमधलं एक गॅरेज. त्या गॅरेजबद्दल कुठेतरी खरं लिहून ठेवायला हवं असं वाटलं, म्हणून हे लिहायला बसले.

माझा थोरला भाऊ मधूदादा यंत्रमागाचा फिटर. त्याचा एकुलता एक मुलगा निखिल गेल्या दसऱ्याच्या संध्याकाळी हायवेवर अपघातात गेला. सोनं द्यायला कोल्हापुरात मित्रांकडे निघाला होता. गाडी म्हणजे मोटारसायकल, जुनी, जपानी बनावटीची, आरएक्स. ती गाडी निघणं बंद होऊन जमाना झाला, पण तरुण पोरं अजून तिच्या आवाजावर जीव टाकतात. निखिलने ती नगरला एकट्याने जाऊन घेतली आणि चालवत घरी आणली होती. मालकी अजून त्याच्या नावावर व्हायची होती.

मला गाडीतलं काही कळत नाही. मी ब्लाउज शिवते. पण या चार महिन्यांत दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की आता झोपेतही सांगेन. या गाडीत पेट्रोलबरोबर ऑइलही जळावं लागतं. ऑइलची वेगळी छोटी टाकी असते आणि एक पंप त्यातलं ऑइल थेंबाथेंबाने इंजिनात सोडतो. ते पोचलं नाही तर आतला पिस्टन तापून चिकटतो, मागचं चाक जाम होतं आणि धावती गाडी जागच्या जागी थांबते. मागून येणारा ट्रक थांबत नाही.

पोलिसांनी गाडी सोडल्यावर आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने इंजिन खोललं. ऑइलची टाकी भरलेली होती, पण पंपाच्या जागी कोणीतरी पत्रा मारून तो कायमचा बंद केला होता. त्या दिवसापासून दादाच्या आणि वहिनीच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. नगरच्या कुठल्यातरी माणसाने पंप बंद असलेली गाडी, टाकीत देखाव्याला ऑइल भरून, आपल्या पोराच्या गळ्यात मारली. तो माणूस कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं. निखिलचा मोबाईल त्याच्याबरोबरच फुटला होता.

माघात दादा एकदम म्हणाला, "मी नगरला जातोय. गाडीचं स्पेअर बघायला." वहिनीने मला माजघरात बोलावून घेतलं. "तुम्ही बरोबर जावा," त्या म्हणाल्या. "त्यांना एकटं सोडू नका. आणि तो माणूस भेटला तर विचारा, का केलंस म्हणावं." मी दुकानाला कुलूप लावलं.

*नगर*

दादाच्या टेम्पोतून गेलो. फलटण, दौंड, मग नगर. दौंड सोडल्यावर दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यातून बाहेर आली होती आणि रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. ऊस आमच्याकडेही कमी नाही, पण आमच्याकडे हिरवं बघून बघून डोळ्यांना त्याची किंमत राहिलेली नाही. इथे उसाचा एक पट्टा संपला की लगेच उघडं माळरान आणि दगड. एका कडेला तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या होत्या आणि एक बाई तिथे उसाच्याच पाचटावर भाकरी भाजत होती. दादाने एवढ्या वाटेत तोंड उघडलं ते फक्त टोलनाक्यावर.

श्रीगोंद्याच्या अलीकडे टायर बसलं. जॅक काढायला त्याने सीट उचललं आणि मला खाली एक लोखंडी कांब दिसली. टेम्पोत कांब असतेच, त्यात विशेष काही नाही. तरी मी विचारलं, "ही कशाला?"

"चाक सोडवायला."

"आणि तो माणूस भेटला तर?"

"सुरे, तू कशाला आलीयास ते मला कळतंय," दादा म्हणाला. "मी काय करणार हाय ते मलाच अजून ठाव न्हाई. गप बस."

चाक लागल्यावर ती कांब मी माझ्या पायाखाली ठेवली.

नगरात स्टँडजवळ लॉजवर उतरलो. गरम पाण्याचा नळ होता, त्यातून गार पाणी यायचं. गाराच्या नळातून काहीच यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भंगाराची दुकानं पालथी घातली. आमच्या भावाने एक गोष्ट बरोबर ओळखली होती. या धंद्यातल्या माणसांना प्रश्न विचारला की ती मान फिरवतात, पण सामान दाखवलं की बोलायला लागतात. म्हणून तो निखिलच्या गाडीचा पिस्टन फडक्यात बांधून घेऊन हिंडत होता. दुकानात शिरायचं, फडकं सोडायचं आणि म्हणायचं, "याच्या मापाचा ब्लॉक पायजे. जपानी. बोअर न मारलेला."

पिस्टनच्या एका अंगावर उभे ओरखडे होते, भांडं चुलीवर करपल्यासारखे. मला त्याकडे बघवत नसे. दुकानदार मात्र तो हातात घेऊन उलटासुलटा करत, बोटाने ओरखडे चाचपत आणि मग सुरू होत. ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो लोखंडी भाग. झिजला की आतून कातून घेतात आणि मोठा पिस्टन बसवतात. असं काही वेळाच करता येतं, मग ब्लॉक संपला. न कातलेला जपानी ब्लॉक म्हणजे यांच्या लेखी सोनं. "आता कुठं ऱ्हायला तसला माल?" असं सगळीकडून ऐकलं. एकाने तर नवाकोरा म्हणून जो दाखवला तो दादाने नुसता उजेडात धरला आणि परत दिला.

पंप बंद करून गाडी कोण विकतं, असंही दादा जाता जाता विचारी. त्यावर एक दुकानदार हसला. "पंप? इथं निम्म्या गाड्यांचे पंप बंद हायेत की." दादाचा चेहरा असा काही झाला की मी त्याचा दंड धरून त्याला बाहेर आणलं.

दुपारी एका खानावळीत शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी मिळाली. आमटी काळी, तिखट, आणि इतकी पातळ की भाकरी कुस्करल्याशिवाय तिचा जोर कळत नाही. आमच्या तांबड्या रश्श्याला तिने मान खाली घालायला लावली नसती, पण बरोबरीने बसली असती. मी दोनदा मागून घेतली, आणि समोर दादाच्या ताटात भाकरी तशीच वाळत होती. अशा वेळी आपल्याला भूक लागते याची लाज वाटते, पण लागते खरी.

*घोडेगाव*

आता हातात एकच धागा उरला होता. गाडीच्या कागदावर जुन्या मालकाचं नाव होतं, पत्ता नेवाशाकडचा, घोडेगावजवळचा. म्हणून तिसऱ्या दिवशी इमामपूरचा घाट ओलांडून तिकडे गेलो. नेमका बाजाराचा दिवस. एवढ्या म्हशी मी जन्मात एका जागी पाहिल्या नव्हत्या. आमच्याकडे म्हैस म्हटलं की तिचं दूध, तिच्या कासेवर व्यापारी बोट ठेवतो. इथे दात बघत होते, खूर बघत होते, आणि दोन माणसं एका टॉवेलखाली हात घालून, बोटं दाबून, तोंडाने चकार शब्द न काढता सौदा करत होती. शेणात माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि उरलेला बाजार मी एका पायाने फरफटत केला.

कागदावरचा मालक, त्यांना मी इथे रावसाहेब म्हणते, म्हशींच्या दावणीपाशीच सापडले. साठीचे, बागायतदार, डोक्याला टॉवेल. दादाने नाव विचारलं तसे आधी सावध झाले. मग त्याने फडकं सोडून पिस्टन दाखवला.

"आरेक्सचा दिसतोय," ते म्हणाले.

"तुमच्याच गाडीचा हाय," दादा म्हणाला.

रावसाहेबांनी म्हैस दुसऱ्याच्या हाती दिली आणि आम्हाला घरी नेलं. पिठलं, भाकरी, ठेचा. आम्ही नको नको म्हणत असताना ताटं पुढे आली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांच्या बायकोने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. मला रडू कोसळलं. तोवर या प्रवासात मी रडले नव्हते.

"गाडी माझीच हुती," रावसाहेब म्हणाले. "पन म्या लई वर्सांखाली दिली ती. भिंगारच्या दगडूमिस्त्रीला. पोरं गेली पुन्याला, चालवनार कोन? कागूद तेवढा माझ्या नावावर ऱ्हायला."

"तेव्हा पंप चालू होता?" दादाने विचारलं.

"व्हय. म्या दिली तवा चालूच हुता."

झालं. नाव मिळालं. दादा उठला, हातसुद्धा न धुता. रावसाहेब टेम्पोपर्यंत आले आणि खिडकीत वाकून म्हणाले, "पाव्हनं, मिस्त्री तसला मानूस न्हाई. आधी इचारा." दादाने गाडी सुरू केली. मी पायाखालची कांब टाचेने आणखी मागे सारली.

*भिंगार*

भिंगार नगरला चिकटूनच आहे. लष्कराच्या भिंती, सरळ रस्ते, मोठी झाडं, आणि मग एकदम जुनी पेठ. मिस्त्रींचं गॅरेज शोधायला त्रास पडला नाही. पहिल्याच माणसाने हात केला. पत्र्याची शेड, पुढे अंगणात सहा-सात जुन्या गाड्या, सगळ्या त्याच घराण्यातल्या. मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले, अंगाने काटक, भुवया सतत चढलेल्या. एका गिऱ्हाइकावर खेकसत होते. त्याने बाजारातली स्वस्तातली केबल आणली होती आणि मिस्त्रींनी ती अंगणात भिरकावली. मला वाटलं, हा माणूस गोड बोलून कोणाला फसवणाऱ्यातला नाही; याला गोड बोलताच येत नाही. दादाला असं काही वाटलेलं दिसत नव्हतं.

ते गिऱ्हाईक गेलं. दादाने फडकं सोडलं आणि पिस्टन मिस्त्रींच्या हातात दिला. मी दोघांच्या मधे उभी राहिले.

मिस्त्रींनी चष्मा लावला, ओरखड्यांवरून नख फिरवलं. "कोरडं पेट्रोल गेलंय ह्याच्यातनं. ऑइल मिसळलंच न्हाई कुनी."

"टाकीत ऑइल भरलेलं होतं," दादा म्हणाला.

"आन पंप?"

"बंद. पत्रा मारलेला."

"मग टाकीतल्या ऑइलचा काय उपेग?" मिस्त्री वैतागले. "पंप बंद केल्यापासनं ते तिथंच बसतंय. पंप बंद आसंल तर ऑइल पेट्रोलात मिसळाया लागतं, हाताने. कुठली गाडी ही?"

"तुमचीच. इचलकरंजीला पाठवलीत ती."

मिस्त्रींच्या भुवया खाली आल्या. त्यांनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "निखिलची?" ते म्हणाले. "तुमी त्याचे वडील व्हय? नाक तसंच हाय. बरा हाय ना तो?"

झालेलं सगळं मला सांगावं लागलं. मिस्त्री तिथे एक उलटा केलेला डबा होता त्यावर बसले. पिस्टन हातातच होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं असं दिसलं. नंतर त्यांनी तो मांडीवर घेतला.

"तुम्ही पंप बंद केलात," दादा म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. "आणि माझ्या पोराला सांगितलं न्हाई."

"केला. म्याच केला." मिस्त्री उठले नाहीत, पण आवाज चढला. "ह्या पंपाची आतली दातरी चकती झिजती, नवी कुठं मिळत न्हाई. आर्धामुर्धा पंप लई वाईट. आज सोडतो, उद्या सोडत न्हाई, मानसाला पत्ता लागत न्हाई. त्यापरीस बंद केलेला बरा. आन सांगितलं न्हाई कसं? दिसभर हुता तो माझ्याजवळ. माझ्या डब्यातली भाकर खाल्ली त्याने. लिटरला ऑइलची किती झाकनं, ते माझ्या म्होरं मिसळून दाखवलं त्याने. बाटली दिली म्या डिकीत ठिवायला."

ती बाटली आम्हाला माहीत होती. गाडीच्या बाजूच्या डबीत सापडली होती, अर्धी भरलेली. दादाने ती ऑइलच्या टाकीत घालायची म्हणून ठेवली असेल असं धरलं होतं.

"मग इसरला कसा?" मिस्त्री स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "इसरता येत न्हाई. त्यासाठीच तर चिंधी आसती."

"कसली चिंधी?" मी विचारलं.

त्यांनी अंगणाकडे बोट केलं. मी गाड्या पाहिल्या. सहा-सातांपैकी चारांच्या पेट्रोलच्या झाकणावर लाल सुती चिंधी घट्ट बांधली होती, किल्लीच्या भोकावरून आडवी. "पंप बंद आसलेल्या गाडीला आमी ही बांधतो. नगरमधी कुनालाबी इचारा. चिंधी बाजूला सारल्याबिगर किल्ली जात न्हाई. पेट्रोल भरनारा आपसूक थांबतो. मालक आसू, भाऊ आसू, मागून नेनारा आसू. त्याच्या गाडीला म्या ह्या हाताने बांधली हुती." मग त्यांनी दादाला सरळ विचारलं, "हुती ना चिंधी?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे.

दसऱ्याच्या सकाळी मी त्यांच्याच घरी होते. निखिलने गाडी धुऊन अंगणात उभी केली होती आणि पूजा होईपर्यंत आंघोळीला गेला होता. वहिनी ताट घेऊन आल्या. दादा पायरीवर बसून झेंडूच्या माळा ओवत होता. वहिनीने गाडीला कुंकू लावायला हात पुढे केला आणि टाकीवरची ती कळकट, तेलकट चिंधी पाहिली. "कुणाच्या नवसाची असेल, कुणाची उतरून टाकलेली असेल," त्या म्हणाल्या. "सणाच्या दिवशी परक्याची चिंधी आपल्या पोराच्या गाडीवर नको." माझ्याकडून कात्री मागून घेतली, कापली आणि चुलीत टाकली. त्या जागी झेंडूची माळ आली. आम्ही कोणीच त्यात काही चूक पाहिली नाही. वापरलेली वस्तू घरात घेतली की आधीच्या घराचे दोरे, लिंबू-मिरची काढून टाकायची, ही आमच्याकडची रीतच आहे. संध्याकाळी निखिल माळांसकट घाईत निघाला आणि वाटेत कुठेतरी टाकी भरली. झाकणापाशी त्याला अडवायला काही उरलं नव्हतं.

"नव्हती," दादा म्हणाला.

"नव्हती?" मिस्त्रींनी मान हलवली. "मग त्यानेच काढली आसंल. तरन्या पोरास्नी लाज वाटती चिंधीची. म्या बजावलं हुतं."

"त्यानंच काढली असंल," दादा म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो पोर आता बोलू शकत नव्हता, आणि त्याच्या बापाने त्याच्याच डोक्यावर खापर फोडलं. मी काहीतरी बोलणार होते. पण दादाचे हात पाहिले. पिस्टन मिस्त्रींकडून परत घेऊन तो फडक्याची गाठ मारायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ती मारता येत नव्हती. फिटर माणूस तो, अंधारात सुताचा तुटका धागा जोडणारा. मी फडकं त्याच्या हातून घेतलं.

मिस्त्री आत गेले आणि तेलकट कागदात गुंडाळलेलं एक जड काही घेऊन आले. तो ब्लॉक होता, जपानी, न कातलेला. ज्याच्यासाठी आम्ही अख्खं नगर पालथं घातलं होतं तोच. "माझ्या सोताच्या गाडीसाठी ठिवला हुता," ते म्हणाले. "घेऊन जा. त्याची गाडी उभी करा." दादाने हात मागे घेतले. "गाडी आता उभी करायची न्हाई," तो म्हणाला. मिस्त्री ब्लॉक हातात धरून तसेच उभे राहिले. आम्ही निघताना त्यांनी माझ्यासाठी तांब्याभर पाणी आणलं आणि माझी तुटकी चप्पल बघून तारेने तिचा अंगठा सांधून दिला. "आईला सांभाळा त्याच्या," ते मला म्हणाले.

*परतीच्या वाटेवर*

दुसऱ्या दिवशी दौंडच्या अलीकडे दादाने टेम्पो बाजूला घेतला. ऊन टळटळीत होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत बसला.

"तू बघितलंस न्हवं त्या दिवशी," तो म्हणाला.

"बघितलं."

"तिला कळता कामा न्हाई."

"मग वहिनीला काय सांगायचं? आपल्या पोराने विसरून कोरडं पेट्रोल भरलं म्हणून?"

"त्यावर ती इचारेल, विसरला कसा. मिस्त्रीनं इचारलं तसंच. तिथनं चिंधीपर्यंत पोचायला तिला किती वेळ लागंल?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "चार महिनं ती एका माणसाला शिव्या देत्या. त्यालाच देऊ दे."

"तो माणूस निर्दोष आहे, दादा. त्याने माझी चप्पल सांधलीय."

"म्हाईत हाय मला. त्याला काय त्या ऐकू जाणार हायत? तिला मात्र रोज स्वतःची कात्री दिसंल."

खोटं बोलणं पाप आहे वगैरे मीही चारचौघांत म्हणते, पण त्या टेम्पोत बसून म्हणायची हिंमत झाली नाही. फलटणला चहासाठी थांबलो तेव्हा दादाने टेम्पोतली कांब तिथल्या पंक्चरवाल्याला देऊन टाकली.

*घरी*

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या मूळच्या चिकोडीकडच्या, कन्नड शाळेत शिकलेल्या. मराठी आमच्यापेक्षा झणझणीत बोलतात, पण वाचत नाहीत. म्हणून तर हे छापायला देण्याचा धीर मला झाला. त्यांनी पायावर घ्यायला पाणी दिलं, चहा ठेवला, आणि दादा खाली बसायच्या आत विचारलं, "भेटला?"

"भेटला," दादा म्हणाला.

"काय म्हणाला?"

"पंप त्यानंच बंद केल्ता. कबूल केलं. पोराला काही सांगितलं न्हाई म्हणाला."

"आणि तुम्ही त्याला तसाच सोडून आला?"

"म्हातारा हाय."

वहिनी रडल्या नाहीत. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. कोणीतरी पाठीवरचं ओझं धरायला यावं तसा त्यांनी श्वास सोडला. दादाचा हिशेब बरोबर होता, आणि ते बघून मला आणखी वाईट वाटलं. मग त्या देवघराकडे वळल्या आणि उंबऱ्यापाशी थांबल्या.

"नाव काय त्याचं?"

दादाने मान वर केली.

"नाव सांगा. नुसतं तो, तो म्हणून किती दिवस म्हणू? नाव घेतल्याशिवाय देवाला कळत नाही कुणाबद्दल बोलतोय ते."

दादाचे ओठ हलले. तो दमला होता, खरं नाव त्याच्या जिभेवर आलं होतं, मला ते दिसलं. म्हणून मीच आधी बोलले. तोंडाला आलं ते एक नाव सांगितलं, आडनावासकट. त्या नावाचा माणूस मी कधी पाहिलेला नाही. तसा कोणी कुठे नसावा, एवढीच माझी प्रार्थना आहे. दगडूमिस्त्री हेही त्यांचं खरं नाव नाही.

वहिनीने ते दोनदा म्हणून पाठ केलं. आता रोज तिन्हीसांजेला त्या दिवा लावतात, हात जोडतात आणि ते नाव घेऊन त्याच्या हाताला, त्याच्या घराला, त्याच्या वंशाला जे काही मागायचं ते मागतात. मग निखिलच्या फोटोला हळदकुंकू लावतात. दादा त्या वेळी ओट्यावर जाऊन बसतो आणि त्यांचं म्हणून संपल्याशिवाय आत येत नाही.